निळ्या दोरीच्या सात जुड्या

सकाळी उठल्यावर आमच्या घरात पहिलं काम डोकी मोजायचं. माणसांची नाही. माणसं आम्ही दोघीच, मी आणि माझी सून, त्याला काय बोटं लागतात? मोजायची ती जनावरांची. अठरा गुरं, नऊ शेळ्या, चार गाढवं, एक आंधळा घोडा, आणि कुत्री किती ते कुत्र्यांनाच ठाऊक. संध्याकाळी बांधली तेवढी सकाळी उभी आहेत का, हे बघायचं आणि मगच चहा.

त्या दिवशी सतराच उभी होती. अठरावी, तांबडी गाय, खाली बसली होती. पोट डाव्या अंगाला फुगलेलं आणि मान मातीला टेकलेली. सून तिच्यापाशी उकिडवी बसून तिच्या कानामागे खाजवत होती.

"आई, हीपण," ती म्हणाली.

बास. दोन महिन्यांत ही सातवी. पहिल्या वेळी सून दोन दिवस जेवली नव्हती. सातव्या वेळेपर्यंत माणूस फक्त दमतो. मीही तिला ऊठ म्हणाले नाही. बादली उचलली आणि बाकीच्यांना पाणी दाखवायला लागले.

हा जनावरांचा पसारा कसा मांडला गेला तेही सांगते. माझा मुलगा मालाचा ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो घरी आला तो ट्रकमध्ये गाढव घालून. त्याच्याच चाकाखाली आलेलं, मागचा पाय मोडलेला. नव्या नवरीसाठी लोक काय काय आणतात! मी म्हटलं, "अरे, घरात एक होतं ते कमी पडलं का?" पण सुनेनं त्या गाढवाचा पाय बांधला, तीन महिने त्याची उस्तवार केली आणि ते तीन पायांवर चालायला लागलं. काम शून्य, खाणं मात्र वेळच्या वेळी पाहिजे, उशीर झाला की अख्खं गाव ऐकेल असं ओरडणार. म्हणून मीच त्याचं नाव ठेवलं, साहेब.

साहेबाच्या मागोमाग एकेक येत गेली. गावाला कळलं की इथे जनावर ठेवून घेतात. मग काय! दिवसा येऊन लोक सुनेच्या पाठीवर हात ठेवायचे, "फार पुण्याचं काम करतेस हो पोरी," आणि उजाडायच्या आत आपला म्हातारा बैल आमच्या फाटकाला बांधून पसार व्हायचे. बारा वर्षं ज्यानं नांगर ओढला त्याला सोडताना एकानंही कधी दार वाजवलं नाही. पेपरात सुनेचा फोटो आला तेव्हा तसाच एक बैल बांधून गेलेला माणूस पेपर घेऊन दाखवायला आला होता. माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी त्याला विचारलं, "बैलालाही दाखवायचाय का? मागे बांधलाय." पण असो, दुसऱ्याची लाज काढणं सोपं असतं. आज माझी काढायची आहे.

मेलेलं जनावर आमच्याकडे कोण नेतं? गावात एकच घर आहे. ओढ्यापलीकडे राहतं. पिढ्यान् पिढ्या मेलेली गुरं ओढून नेणं, कातडं काढणं आणि खड्ड्यात पुरणं हे त्यांचं काम. म्हातारा, आणि त्याची चाळिशीकडे झुकलेली लेक. तिचं लग्न जमलं नाही. त्या घरची मुलगी कोण करणार? त्यांना नावं असतीलच, आम्ही कधी विचारली नाहीत. म्हाताऱ्याला सगळं गाव ओढकरी म्हणतं आणि तिला ओढकऱ्याची लेक.

त्यांच्याबाबतचे नियम गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मेलेल्याला हात लावणाऱ्यानं जित्या जनावराला हात लावायचा नाही. लावला तर ते मरतं. जनावराचं अंग गार पडल्याशिवाय त्यांनी फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. जितं जनावर आजारी असलं तर त्याबद्दल त्यांनी शब्द काढायचा नाही. त्यांच्या तोंडून निघालं की ते खरं होतं. आणि गार पडलेलं जनावर ते ओढून न्यायला लागले की घरच्यांनी पाठ फिरवायची, वळणाआड जाईपर्यंत मागे बघायचं नाही. त्यांच्या दारात साधी कोंबडी नाही. कुत्रं नाही. पाळायलाच मनाई.

आमच्या मागच्या फाटकाला एक खिळा आहे. त्याला एक टवके उडालेला कप टांगलेला असे. ओढकऱ्याचा कप. त्यानं तो हातात धरायचा, मी वरून पाणी ओतायचं. त्याच अंगणात सून कुत्र्यांची चौदा भांडी रोज राखेनं घासायची. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, खुपत नव्हतं.

तर तांबडी गाय. डॉक्टर आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतो, आणि तो होता सोमवार. फोनवर म्हणाला, गॅस असेल, तेल पाजा. पाजलं. दुपारी मी ओढकऱ्याला निरोप धाडला, कारण गाय काही उठणार नाही हे मला दिसत होतं.

बापलेक आली आणि मागच्या फाटकाबाहेर दगडावर बसली.

"गार पडलं का, मोठ्या बाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"अजून नाही."

"मग थांबतो."

ऊन डोक्यावर होतं. म्हाताऱ्याची कंबर गेलेली, बसलं की उठवत नाही. लेकीनं पदर काढून त्याच्या डोक्यावर धरला. मी पाणी ओतायला गेले तेव्हा ती एकदम उठून उभी राहिली.

"मोठ्या बाई, एक सांगायचं होतं. त्या गायीच्या पोटात..."

"गप!" मी ओरडले. हातातला तांब्या हिंदकळला. "जितीय ती अजून. तोंड आवर."

"सांगू द्या ना हो. वाईट नाही सांगत."

"मेल्यावर सांग."

तिनं बापाकडे बघितलं. म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली, जणू सांगत होता की पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. ती खाली बसली.

चार वाजता गाय गेली. अंग गार व्हायला अजून दोन तास. मग फाटक उघडलं, त्यांनी दोर लावला, आणि आम्ही दोघींनी पाठ फिरवली. मेल्यावर सांग म्हणाले होते मी. पण मेल्यावर तिनं सांगायचं कुणाला? आमच्या पाठीला? दोराचा घासत जाणारा आवाज आला आणि मध्येच तो थांबला. ती थांबली असणार. बोलावं का न बोलावं, असं बघत. मी भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत उभी राहिले. मग आवाज पुन्हा सुरू झाला आणि हळूहळू लांब गेला.

गुरुवारी डॉक्टर आला. जाड भिंगांचा चष्मा, बिचारा चांगला माणूस आहे, पण बत्तीस गावं आणि एक मोटरसायकल. गोठा फिरला, दोन-तीन गुरांची पोटं दाबली, सुया टोचल्या. "वय झालंय यांचं, ताई. तुम्ही आणता तीच मरायला टेकलेली."

"पण आल्यावर सुधारतात हो," सून म्हणाली. "महिनाभर छान खातात. मग रवंथ थांबतं, पोट फुगतं, वाळत जातात. सगळ्यांचं तेच. सगळ्यांचं म्हातारपण एकसारखं कसं येईल?"

डॉक्टरनं सुया पेटीत भरल्या. नाचता येईना अंगण वाकडं असं मी मनात म्हटलं. पण अंगण खरंच वाकडं होतं आणि ते माझंच होतं.

उत्तर होतं गिरणीवाल्याकडे. त्याच्याकडे सगळ्याची उत्तरं असतात. पिठाची गिरणी त्याची, आमच्या जनावरांना कोंडा तो देतो, म्हणून तो अंगणात आला की खुर्ची द्यावी लागते. खुर्चीत बसून म्हणाला, "मोठ्या बाई, रागावू नका. पण महिन्यातून चारचारदा ती माणसं तुमच्या फाटकाशी येऊन बसतात. जिती जनावरं त्यांच्या नजरेला पडतात. दुसरं काय होणार?"

"काका, ती येतात कारण जनावर मरतं," सून म्हणाली. "जनावर मरतं कारण ती येतात, असं नाही."

"तू शिकलेली आहेस बाई. आम्ही फक्त बघितलंय."

खरं सांगायचं तर मला त्याचंच पटलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला ही म्हण मी दिवसातून दहादा लोकांना ऐकवते. पण फांदी आपल्या झाडाची मोडली की दोष कावळ्याचाच वाटतो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी मागचं फाटक झाडायला गेले तर खिळ्याला कपाशेजारी काहीतरी लटकलेलं. निळं. जवळ जाऊन बघितलं. दोरीचे तुकडे होते, बोटाएवढे, वितीएवढे. प्रत्येक तुकडा धुऊन स्वच्छ केलेला, वाळवलेला. त्यांच्या जुड्या बांधलेल्या. एक, दोन, तीन... सात. सगळ्यात शेवटच्या जुडीला तांबड्या केसांचा झुबका बांधला होता. आधीच्या जुड्यांनाही केस होते. काळे, पांढरे, करडे.

सात जनावरं, सात जुड्या, प्रत्येकीला त्या त्या जनावराचे केस.

तुम्ही असता तर काय समजला असता? मी समजले, करणी. त्याच पावली गिरणीवाल्याला हाक मारली. त्यानं लांबूनच बघितलं आणि तोंडावर रुमाल धरला. "बघा! मी सांगत नव्हतो? हात लावू नका. काठीनं उचला, जाळा. सुनेला सांगू नका, ती हसेल तुम्हाला."

सून हसेल, हे मात्र मला नको होतं. मी काठीनं त्या जुड्या उचलल्या आणि न्हाणीच्या चुलीत घातल्या. काळा धूर आला, प्लास्टिकचा, घशात बसणारा. सून आतून ओरडली, "आई, काय जळतंय?"

"काही नाही, जुनी चप्पल," मी म्हणाले.

आणि ओढकऱ्याच्या घरी निरोप धाडला. यापुढे फाटकाशीसुद्धा यायचं नाही, जनावर गेलं की आम्ही कळवू, तोवर ओढ्यापलीकडे थांबायचं. कपही मी काढून फेकला.

ते तुकडे कसले होते ते आता सांगते. आमच्याकडे वैरण येते ती गठ्ठ्यांनी, यंत्रानं आवळलेली. आधी काथ्यानं बांधलेली यायची. त्या वर्षापासून वैरणवाला निळ्या प्लास्टिकच्या दोरीनं बांधायला लागला. उन्हात पडून ती दोरी इतकी कुजकी होते की गाठ सोडायला जावं तर हातात तुकडे येतात आणि उरलेली वैरणीतच राहते. सून पहिल्यापहिल्यांदा बसून एकेक तुकडा वेचायची. एका गठ्ठ्याला अर्धा तास. मीच तिला म्हणाले होते, "अगं, एवढं मोठं जनावर, त्याला धाग्यानं काय होतंय? इकडे चार आजारी पडलीत आणि तू दोऱ्या वेचत बसलीस. घाल तसंच." ती दमलेली होती. मोठ्या माणसानं सांगितलं की दमलेल्या माणसाला बरं वाटतं. तिनं घातलं तसंच.

हे मी तिला सांगितलं त्याला चार महिने झाले होते. आणि रोज हातात येणारी तीच दोरी केसांसकट खिळ्याला दिसली तेव्हा मला ओळखू आली नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब ओरडला नाही. सकाळचे आठ वाजले, नऊ वाजले, गोठ्यातून आवाज नाही. सून हातातला पाट्याएवढा गठ्ठा टाकून धावली. साहेब जमिनीवर पडून लोळत होता, पुन्हा पुन्हा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता, दात घट्ट आवळलेले. त्याला गुळाचा खडा धरला तर त्यानं तोंड फिरवलं. गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणाऱ्यांनी आमचा साहेब बघितला नव्हता. गुळासाठी तो कुंपण मोडायचा.

डॉक्टरचा फोन लागेना. लागला तेव्हा तो तीन गावांपलीकडे म्हशीच्या बाळंतपणात कोपरापर्यंत अडकलेला. "संध्याकाळपर्यंत येतो. उभं ठेवा, चालवा, पडू देऊ नका."

तीन पायांच्या गाढवाला किती चालवणार? आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी त्याला खांदा देऊन अंगणात फिरवत होतो. गावात अशा बातमीला पाय लागत नाहीत, पंख लागतात. अकराच्या सुमाराला पुढच्या फाटकाशी ओढकऱ्याची लेक येऊन उभी राहिली. एकटी, आणि चक्क पुढच्या फाटकाशी!

मी साहेबाला सोडून फाटकात गेले आणि दोन्ही हात दोन खांबांवर टेकून उभी राहिले. माझा देह भरदार आहे. मी दारात उभी राहिले की दार उरत नाही.

"ओढ्यापलीकडे थांबायला सांगितलं होतं."

"मोठ्या बाई, मला आत येऊ द्या. नाहीतर नका येऊ देऊ, इथूनच सांगते. वैरण बंद करा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांचीच. त्यात..."

"जितं आहे ते!"

"जितं आहे म्हणून तर सांगते! मेलेली मला काय करायचीत? मेलेल्यांचं सगळं मला माहीत आहे!" ती हात जोडत नव्हती. तिच्या आवाजात चीड होती, आणि त्या चिडीचाच मला जास्त राग आला. "मी तुमच्या खिळ्याला बांधून गेले होते ते बघितलंत ना?"

"बघितलं. जाळलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. सात जनावरांच्या पोटातून वेचून, ओढ्यावर धुऊन, उन्हात वाळवून, कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून केस बांधून तिनं जे आणलं होतं, बोलायला बंदी म्हणून जे हातानं लिहिलं होतं, ते मी चुलीत घातलं होतं. पण हे मला तेव्हा कुठे ठाऊक?

"आई, कोण आहे?" आतून सून ओरडली. तिला साहेबाला सोडून येता येत नव्हतं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

ती परत गेली. जाताना एकदा वळली आणि म्हणाली, "गार पडलं की बोलवा मग."

साहेब साडेतीनला गेला. सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून. तिनं त्याच्या गळ्यातला पट्टा काढला आणि हातात घेऊन बसून राहिली. डॉक्टर सहाला आला, उभ्या उभ्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आणि उशीर झाला म्हणाला. आमच्याकडे सगळ्यांना तेवढंच म्हणता येतं.

बापलेक आली. दोर लावला. मी पाठ फिरवली. शेजारी सूनही फिरवेल असं मी धरून चालले होते. पण दोराचा आवाज सुरू झाला तशी तिच्या चपलांचा आवाजही सुरू झाला.

"अगं, कुठे चाललीस? बघायचं नसतं!"

"सहा वर्षं मी त्याला सकाळ-संध्याकाळ बघितलं," ती म्हणाली. "आजच का नाही बघायचं?"

मी भिंतीकडे तोंड करूनच उभी होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी साहेब मेल्यावरही गेली नाही. डॉक्टर जरा घुटमळला आणि सुनेच्या मागे गेला.

तिथे काय झालं ते मला सुनेनं नंतर सांगितलं. ओढ्यापलीकडे माळावर खड्डा तयारच होता. म्हातारा म्हणाला, "ताई, तुम्ही जा. बघवणार नाही." सून म्हणाली, "काका, उघडा." लेकीनं सुरी घेतली. कुठे बघायचं ते डॉक्टरनं सांगायची गरज पडली नाही, तीच सांगत गेली. हे इथून अडतं, इथे गोळा होतो, गुरांमध्ये पहिल्या पोटात असतो, गाढवाचा आतड्याच्या या वळणावर. डॉक्टरनं पाच वर्षं शिकून जेवढी जनावरं आतून बघितली त्याच्या शंभरपट तिनं बघितली होती. आणि तिला कुणी कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

सून परतली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मी ओसरीवर बसले होते. तिनं माझ्यासमोर फरशीवर एक गोळा ठेवला. नारळाएवढा, घट्ट, शेणानं माखलेला. त्यावर तिनं बादलीतलं पाणी ओतलं. पाण्याखाली गोळा निळा झाला.

"वैरणीची दोरी आहे, आई. सगळ्यांच्या पोटात हेच होतं. सगळ्यांच्या." ती थांबली. "ती म्हणाली, तिनं आणून टांगलं होतं. सात जुड्या. मोठ्या बाईंना विचारा म्हणाली."

मी काय बोलणार? आयुष्यात मला शब्द कमी पडले नाहीत. सासू असताना नाहीत, त्याआधी सून असताना नाहीत.

"त्या दिवशी चप्पल नव्हती जळत," ती म्हणाली.

"नाही."

ती ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, तेवढं मला येतं. पण ती नुसती खांबाला टेकून बसली. डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाली, "मी पण घातलंच ना तसंच. तुम्ही सांगितलंत, मी घातलं. आपण दोघींनी मिळून केलं हे." आणि मग, "उद्यापासून गठ्ठे तुम्ही वेचायचे, आई. माझ्यानं नाही होत आता."

मी वेचायला लागले. आजही वेचते, रोज नऊ गठ्ठे. डोळ्यांना दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून. डॉक्टर म्हणाला, ज्यांच्या पोटात आधीच गेलंय त्यांतली काही वाचतील, काही नाही. साहेब सकाळी अकराला वाचला असता का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बहुतेक नाही. दोन महिन्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर सहा तरी वाचली असती.

कुणी सांगितलं असतं तर!

चार दिवसांनी मी ओढा ओलांडला. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा. ओढ्याला पाणी घोट्याएवढं. त्यांचं घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, आणि इतकं शांत की कानाला चमत्कारिक वाटतं. मग कळलं का. एकही जनावर नाही. मांजरसुद्धा नाही. म्हातारा मला बघून उठायला लागला, कंबर धरून पुन्हा बसला. मी उभीच. कुणी बस म्हणेना. मग मीच उंबऱ्यावर बसले.

"पाणी दे गं," मी त्या लेकीला म्हणाले.

ती आत गेली, पेला घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवण्याऐवजी उभ्यानंच पेला उंच धरला. वरून ओतायला. मी ओंजळ पुढे केली. दुसरं काय करणार? थोडं प्याले, थोडं अंगावर सांडलं. म्हातारा म्हणाला, "अगं ए, काय करतेस!" पण ती हसत नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हणाले. हे दोन शब्द मी नवऱ्यालाही कधी म्हटले नव्हते. "आमच्याकडे येशील का? काम आहे."

"कुणी मेलं का?"

"नाही. जिती आहेत त्यांच्यासाठी."

ती पेला पुसायला लागली. "गिरणीवाले कोंडा बंद करतील तुमचा."

"करू दे. त्याची खुर्ची मला परत मिळेल."

"पुढच्या फाटकानं येईन," ती म्हणाली. "आणि तुम्ही दारात उभं राहायचं नाही."

गिरणीवाल्यानं कोंडा बंद केला, तिनं फाटकात पाऊल टाकायच्या आधीच. नुसती बातमी पुरली. दोन घरांनी आमच्याकडे सोडलेल्या आपल्या शेळ्या परत नेल्या. चला, सोडलेलं परत न्यायला लोक यायला लागले, हेही नसे थोडके! वैरणवाला म्हणाला, दोरी बदलणं परवडत नाही. म्हणून गठ्ठे अजून निळेच येतात.

मग एका सकाळी मोजताना एक कमी भरली. करडी कालवड, पोट फुगलेलं, मान खाली. सुनेनं चपला घातल्या आणि ओढ्याकडे गेली.

ती दोघं आली तेव्हा मी फाटकात होते. रस्त्यावर गिरणीवाला आणि आणखी पाचसहा जण, हातांची घडी घालून. म्हातारा पुढच्या फाटकापर्यंत आलाच नाही. नेहमीच्या दगडाकडे वळला. "तू जा. माझ्या पायांना नाही आता जमायचं," तो लेकीला म्हणाला, आणि बसला.

ती माझ्यासमोर येऊन थांबली. तोंडातून जुनंच निघालं, सवयीनं.

"गार पडलं का, मोठ्या बाई?"

"नाही," मी म्हणाले. "ये."

आणि मी दारातून बाजूला झाले. एवढंच करायचं होतं, एक पाऊल. त्याला मला अडुसष्ट वर्षं लागली.

ती गोठ्यात गेली, कालवडीच्या डाव्या अंगाला बसली. कुठे दाबायचं हे तिला ठाऊक होतं. तिनं हात पुढे केला आणि अंगावर ठेवला. ठेवल्याबरोबर झटकन मागे घेतला, चटका बसावा तसा.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

तिनं आपल्या तळहाताकडे बघितलं. हजारभर जनावरांवरून फिरलेला हात तो.

"गरम आहे," ती म्हणाली. "इतकं गरम असतं?"

तिनं हात पुन्हा ठेवला, आणि या वेळी काढला नाही.